शुभेच्छापत्र हवेच कशाला?

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. यंदा कार्डे करायची की नाही? मोबाइलवर एका मिनिटात दोनशे जणांना शुभेच्छा जातात. मग कागद कापा, छापा, पत्ते लिहा, तिकिटे चिकटवा, हा उपद्व्याप कशासाठी? दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी कार्डे जातात. माझे मत कार्डांच्या बाजूचे आहे. ते या पानावर मांडतो, कारण हे पान वसतिगृहात राहणारे कॅडेट वाचतात आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले पालकही.

आधी एक गोष्ट मान्य करतो. कागद थोर आणि मोबाइल हलका, असे काही नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले. ती योजना राबवण्यात हेन्री कोल यांचा हात होता. पुढे त्यांच्याकडेच इतकी पत्रे येऊ लागली की उत्तरे देणे जमेना. म्हणून १८४३ च्या नाताळासाठी त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र करवून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. म्हणजे नाताळचे पहिले छापील कार्ड हीच मुळात वेळ वाचवण्याची युक्ती होती! बाजारातून गठ्ठा आणून, छापील मजकुराखाली नुसती सही ठोकून पाठवलेले कार्ड आणि मोबाइलवरचा फॉरवर्ड यांत फरक फक्त तिकिटाचा.

फरक पडतो तो एकेका माणसासाठी दिलेल्या वेळाने.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर नोकरीनिमित्त आमेरला राहतो. जयपूरच्या एका बाजूला आमेर, तर दुसऱ्या बाजूला सांगानेर. सांगानेरचे कागझी पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद करतात. शिंप्यांकडच्या सुती चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा, दाबून वाळवायचा. झाड तोडावे लागत नाही. आमच्याकडेही जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. इकडे आमेरला ठशांची छपाई. अनोखी संग्रहालयात लाकडी ठसा कसा कोरतात, हे कारागीर समोर बसून दाखवतात. ते पाहून मुलीने पतंगाचा ठसा करवून घेतला, कारण जयपूरची संक्रांत म्हणजे पतंग.

या एका कार्डाचे तीन मुहूर्त असतात. पलटणीतल्या जुन्या सोबत्याच्या वसईच्या घरी ते नाताळला पोचते. युनिटमधल्यांना नव्या वर्षाला. आणि आपल्या मराठी गोतावळ्याला संक्रांतीला, सोबत काटेरी हलव्याचे चार दाणे. दसऱ्याला पाकिटातून आपट्याचे पान आणि संक्रांतीला हलवा, ही आपल्याकडची जुनीच रीत. आज साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचे तिकीट लागते. हातकागद जाड असतो, त्यामुळे पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्यावे लागते. तिकीट कमी पडले तर भुर्दंड घेणाऱ्याला.

खरे काम पत्त्यांच्या वहीचे. फौजी माणसाची वही दर वर्षी बदलते. कोणी अंबाल्याहून तेजपूरला गेले, कोणी निवृत्त होऊन गावी परतले. जे सीमेवर असतात त्यांच्या पत्त्यात गावच नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ५६ किंवा ९९ एपीओ. तेवढ्यावर पत्र बर्फातल्या चौकीपर्यंत जाते. वही उघडली की कोण कुठे आहे, कोणाशी वर्षभर बोलणे झाले नाही, हे आपोआप समोर येते. मोबाइलच्या यादीतली नावे आपण पाहतसुद्धा नाही.

सैनिकाला कार्डाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. १९१४ च्या नाताळात प्रिन्सेस मेरीच्या नावाच्या निधीतून सैनिकांसाठी पितळी डब्या पाठवण्यात आल्या. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांसाठी त्यांत खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती; आणि एक छोटेसे शुभेच्छापत्र. खंदकात लढणाऱ्याला खाऊबरोबर चार शब्दही धाडावेत, हे तेव्हाही कोणाला तरी सुचले होते.

पण माझे मत ठरले ते एका पत्त्यामुळे. आमच्या वहीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या एक माउली आहेत. त्यांचा मुलगा माझ्या कंपनीत होता. तो काश्मीरहून तिरंग्यात परतला. पहिल्या वर्षी त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी फोन आले. पुढे तेही कमी झाले. यात कोणाचा दोष नाही, माणसे आपापल्या संसारात असतात. सणाच्या दिवशी त्यांना शुभेच्छांचा फॉरवर्ड पाठवायला बोट धजावत नाही. फोन केला तर दोन्हीकडे शब्द अडतात. कार्ड मात्र जाते. त्यावर आम्ही शुभेच्छा लिहीत नाही, त्यांच्या मुलाची एक आठवण लिहितो. गस्तीवरून आल्यावर तो सगळ्यांचे ओले बूट शेगडीभोवती कसे मांडून ठेवायचा. सुट्टीवरून येताना आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी पहिल्याच रात्री कशी संपायची. अकरा वर्षांत अशी अकरा कार्डे गेली. मध्यंतरी त्यांच्या नातीचे पत्र आले. वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती, तिला ते आठवत नाहीत. ती कार्डे तिने एकत्र बांधून ठेवली आहेत. पुढच्या कार्डावर जरा जास्त लिहा, असे तिने कळवले आहे.

दोनशे जणांना एकदम जाणारा संदेश हे काम करू शकत नाही. म्हणून वर्षातली दोन-तीन संध्याकाळची दगदग मला महाग वाटत नाही.

तरी एका आक्षेपात तथ्य आहे. बहुतेक घरांत ही दगदग आईच्या एकटीच्या माथी येते. कागद ती आणते, पत्ते ती लिहिते आणि खाली नाव मात्र सगळ्या कुटुंबाचे! तसे असेल तर ते कार्ड न पाठवलेले बरे. घरातल्या प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. ज्याचे आप्त-मित्र, त्याने त्यांना लिहावे. यादी चाळिसावर जाऊ देऊ नये. मुलाचे गुण, नवी गाडी, परदेशवारी यांची जाहिरात कार्डावर नको. समोरच्याची विचारपूस करणारे एक वाक्य पुरे. आणि उत्तर आले नाही म्हणून नाव खोडू नये.

गेल्या वर्षाच्या अखेरीस डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने घरोघर पत्रे वाटणे थांबवले, असे होऊ शकते हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे पोस्टमन अजून वाडीवस्तीवर जातो. तो पत्र पोचवायला तयार आहे तोवर आपण लिहायला कंटाळू नये.

कॅडेट मित्रांनो, हिवाळी सुट्टीत घरी आलात की आईकडून पत्त्यांची वही मागून घ्या. त्यातले दहा पत्ते तुमच्या वाट्याला घ्या: आजी, मामा, जुने शिक्षक, शाळा सोडून गेलेला सोबती. अक्षर कसेही असो. उद्या तुमच्याही पत्त्यात गावाचे नाव नसेल, तेव्हा तुम्हाला कोण लिहील याची सुरुवात याच दहांपासून होते.