सूर्य मावळायच्या आत

बायबल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. मार खाऊन दुसरा गाल पुढे करणं आणि शेजाऱ्यावर प्रेम करणं. दोन्ही थोर. पण सोमवारी सकाळी वाकडहून हिंजवडीला निघाल्यावर त्यांचं नेमकं करायचं काय, हे काही कळत नाही. शेजाऱ्यावर प्रेम करायला कोण नाही म्हणतंय हो? त्याने आपल्या पार्किंगमध्ये गाडी लावली की खरी पंचाईत.

माझं मत असं, की रोजच्या जगण्यात बायबलचा जास्त उपयोग होतो तो त्यातल्या बारीक, हिशेबी नियमांचा. ते पोस्टरवर कुणी छापत नाही म्हणून आपल्यापर्यंत पोचत नाहीत, इतकंच.

एकच नियम घेऊ. जुन्या करारात लेवीय आणि अनुवाद अशी दोन पुस्तकं आहेत. दोन्हींत सांगितलंय की रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवादात तर सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे, आणि मजूर आपला असो की परका, दोघांनाही नियम सारखाच. कारणही दिलंय: माणूस गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो.

आता यात 'दयाळू व्हा' असं कुठेच नाही. सरळ डेडलाइन आहे! आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट करता येईल अशी रिक्वायरमेंट. सूर्य मावळला, पैसे पोचले का? हो किंवा नाही. मध्ये 'इन प्रोग्रेस' नाही. गंमत म्हणजे २०१९ चा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेला आपला वेतन संहितेचा कायदाही रोजंदारीबद्दल हेच सांगतो: शिफ्ट संपली की पैसे.

आणि आपण काय करतो? आपला पगार महिनाअखेरीला दुपारपर्यंत जमा झाला नाही तर एचआरला मेल जाते. तेच आपण पेंटरला सहज म्हणतो, "दादा, वीकेंडला जीपे करतो." स्वयंपाकाच्या मावशींचे पैसे एक तारखेचे सातवर जातात, कारण आपण ट्रिपला होतो. द्यायची दानत नाही असं नाही. फक्त त्यांच्या घरभाड्याचीही तारीख असते, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

दुसरी गोष्ट नव्या करारातली, मत्तयच्या विसाव्या अध्यायातली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचलाही आणखी काही जणांना घेऊन येतो. पाचवाल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे होतात? ते म्हणतात, कुणी कामावर बोलावलंच नाही. हिशेबाच्या वेळी सगळ्यांना एकेक दिनार!

अप्रेझलमध्ये मुरलेल्या माणसाचं डोकंच फिरेल. तासाभराच्या कामाला दिवसाचा रोज? उद्या पहाटे येणार कोण? आक्षेप बरोबर आहे, आणि ही गोष्ट स्वर्गाच्या राज्याबद्दल आहे, पेरोल पॉलिसी नाही. पण दोन गोष्टी बघा. पाचला आलेला माणूस आळशी नव्हता. मजूर अड्ड्यावर सकाळपासून उभं राहून रिकाम्या हाताने परतणारी माणसं आपणही बघतोच. काम एक तास मिळालं म्हणून घरची भूक बाराव्या हिश्शाची होत नाही. आणि दुसरं म्हणजे मालकाने पहिल्यांचं ठरलेलं एका पैशाने कमी केलेलं नाही. आधी देणं चुकतं केलं, मग औदार्य.

मला वाटतं आपली गाडी इथेच उलटी चालते. दिवाळीला मिठाईचा बॉक्स, जुने कपडे, मुलीच्या शाळेला हजार रुपये... आणि मुलगी तापाने फणफणली म्हणून घेतलेल्या चार दिवसांचे पैसे मात्र कापायचे. म्हणजे औदार्य आधी आणि देणं सवडीने. कारण देताना कुणी आभार मानत नाही, औदार्य दाखवलं की मानतात.

हक्क आणि उपकार यांतला हा फरक पुण्यापासून जवळच, दौंड तालुक्यातल्या केडगावला एका बाईंनी ओळखला होता. पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली, विधवा त्यांनी आणल्या, जेवू घातल्या आणि तिथेच न थांबता विणकाम, शेती, छपाईही शिकवली. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी तडीस नेलं होतं. दुसऱ्याच्या दयेवर कायम राहावं लागू नये, अशी ती दया.

कुणी म्हणेल, याच जुन्या करारात गुलामगिरीचेही नियम आहेत, मग तुम्ही सोयीचं तेवढं उचलता? प्रश्न रास्त आहे. माझी कसोटी साधी आहे. जो नियम माझ्याच खिशाला चाट लावतो, तो मी सोयीसाठी निवडला असण्याची शक्यता कमी. आणि ज्या वचनाने फक्त दुसऱ्याला झोडपता येतं, ते उचलताना दहादा विचार करावा. ही कसोटी कुठल्याही धर्मग्रंथाला लावून बघा, चालते.

त्यासाठी ख्रिस्ती असायची गरज नाही, चर्चला जायचीही नाही. एक तारखेचा रिमाइंडर लावा, आजारपणाचे दिवस कापू नका, आणि प्लंबर दारातून बाहेर पडायच्या आत त्याच्या फोनवर मेसेज वाजू द्या. शेजाऱ्यावरच्या प्रेमाचं त्यानंतर बघू.