राहून गेलेली पिढी

आज २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन. ‘ब’ काविळीचा विषाणू शोधणारे व १९७६ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले बारूक ब्लुमबर्ग यांचा हा जन्मदिवस. शहरांतून आज व्याख्याने होतील, पत्रके वाटली जातील. परंतु शिरूर तालुक्यातील न्हावरे येथे उसाच्या रानात वाढलेल्या पंचविशीतील तरुणाच्या पदरात त्यातून काय पडणार, हा आमचा प्रश्न आहे.

हा रोग रक्तावाटे, दूषित सुईवाटे व शरीरसंबंधातून पसरतो. प्रसूतिसमयी मातेकडून बालकासही जडतो. खेड्यांत दूषित पाण्याच्या काविळीशी त्याची गल्लत होते आणि तेथेच घात होतो. डोळे पिवळे झाले, की माळ घालून कावीळ ‘उतरवून’ घेतली जाते. पण या विषाणूचे अनेक वाहक कधी पिवळे पडतच नाहीत. यकृत वर्षानुवर्षे आतून पोखरले जाते आणि ऐन कर्तेपणी जलोदर किंवा कर्करोग पुढ्यात उभा राहतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ मध्ये निवडक शहरांत व जिल्ह्यांत बालकांना लस देण्यास प्रारंभ झाला. २०११ मध्ये ती देशभर लागू झाली. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. मात्र आजचे बहुसंख्य ग्रामीण तरुण पाळण्यात होते तेव्हा लस त्यांच्या गावी पोहोचली नव्हती. ती पोहोचली तेव्हा त्यांचे पाळण्यातले वय सरले होते. प्रौढांच्या लसीकरणाचा भर आरोग्यसेवकांसारख्या विशेष जोखमीच्या गटांवर आहे. त्यांत हा तरुण कोठेच बसत नाही.

आफ्रिकेतील खेड्यांविषयी आपण हळहळतो. तेथे २०२२ मध्ये शंभरांपैकी अवघ्या अठरा नवजात बालकांना जन्मतःची मात्रा मिळाली. पण त्या देशांना लस बहुतांशी बाहेरून आणावी लागते. आपली लस तर पुण्यातच तयार होते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्याच वर्षी भारतात २ कोटी ९८ लाख लोक या विषाणूचे वाहक होते. घरची विहीर असून घरातल्यांनी तहानलेले राहावे, यापरते वैगुण्य कोणते?

आमची मागणी साधी आहे. ग्रामीण महाविद्यालयांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व साखर कारखान्यांच्या हंगामी तळांवर प्रत्येक तरुणाची एकवार रक्ततपासणी व्हावी. निर्दोष व असंरक्षित ठरेल त्याला सहा महिन्यांत तीन मात्रा मिळाव्यात. बाधित ठरेल त्याला औषधोपचार मिळावेत आणि त्याचा अहवाल गुप्त राहावा, अन्यथा लग्न व नोकरी मोडण्याच्या भयाने कोणी पुढे येणार नाही. ऊसतोडणीच्या तळावर जन्मणाऱ्या बालकालाही चोवीस तासांत पहिली मात्रा मिळालीच पाहिजे. ज्यांच्या कष्टावर शहराची साखर गोड होते, त्यांच्या मुलांचे हे देणे थकले आहे. ते फेडण्यास आणखी एका पिढीची वाट पाहू नये.