लोकरीच्या चरख्याचं डोकं बदलायला हवं

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात दख्खनी मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते आणि हल्ली ती विकून अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. लोकर जाड, आखूड, केसाळ असते. काळी, तपकिरी, करडी, मध्येच पांढरी असते. आपल्या गिरण्यांना कपड्यासाठी लागते ती मऊ, लांब धाग्याची लोकर, आणि ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येते. पानिपतची जुन्या कापडापासून बनवलेली स्वस्त ब्लँकेटं गावोगावच्या बाजारात पोचल्यापासून घोंगडीचं गिऱ्हाईकही आटलं. या प्रश्नावर बोलणं सुरू झालं की दोनच उपाय पुढे येतात. संकर करून लोकर मऊ करा, नाहीतर मोठा कारखाना काढा. संकरित मेंढरू तीनशे कोस चालून माळावरच्या खुरट्या गवतावर जगेलच याची खात्री नाही, आणि धनगराचा संसार आज लोकरीवर चालत नाही, मटणावर चालतो. कारखान्याला एकसारखा माल रोज हवा. इथे माल थोडा, रंग अनेक, आणि कळप वाटेवर पांगलेले. म्हणून माझं म्हणणं तिसरंच आहे. घोंगडीचं सूत आजही हातानेच काततात. त्या चरख्याचा एक हातभर भाग, म्हणजे जिथे सुताला पीळ बसतो आणि ते गुंडाळलं जातं ते त्याचं डोकं, या लोकरीच्या मापाने नव्याने घडवायला हवं. सुधारणेचा पैसा आधी तिथे लागावा.

त्यासाठी कातणं जवळून पाहावं लागतं. बाई जमिनीवर बसलेली असते, उजव्या हाताने चाक फिरवते, डाव्या हाताच्या चिमटीत पिंजलेल्या लोकरीचा पेळू असतो. चाक आणि चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी सळई, यांच्यात माळ असते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चाती कितीतरी वेळा गरगरते. चातीच्या टोकावरून सूत दर फेऱ्याला निसटतं आणि त्या प्रत्येक निसटण्याबरोबर एक पीळ चढतो. डावा हात मागे जात राहतो आणि लोकर ओढली जाऊन सूत होतं. हात पुरता लांबला की सगळं थांबतं. चाक किंचित उलटं फिरवून टोकाजवळची वेटोळी सोडवायची, हात बाजूला घेऊन चाक पुन्हा सुलटं फिरवायचं आणि कातलेलं हातभर सूत चातीवर गुंडाळायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. सूत तयार होतं ते फक्त हात मागे जाताना, उरलेल्या वेळात तयार झालेलं सूत नुसतं जागेवर जातं. शिवाय एक हात कायम चाकाला बांधलेला. दख्खनी लोकर आखूड आणि कुसळांनी भरलेली असते. गाठ आली, कुसळ आलं की ते काढायला आणि लोकर सारखी पसरायला दुसरा हात हवा असतो, आणि तो मोकळा नसतो. घोंगडीच्या सुतात जाड-बारीक दिसतं त्याचं एक मोठं कारण या हाताच्या टंचाईत आहे.

चरखा सुधारण्याचा विचार आपल्याकडे झालाच नाही असं मुळीच नाही, पण तो कापसासाठी झाला. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी कडक होत्या. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, आठ तासांत १२ ते २० नंबरचं सोळा हजार फूट सूत द्यावा, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, वीस वर्षं टिकावा. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र या स्पर्धेत उतरलं होतं, पण बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. अटींचा हिशेब मांडला की त्यामागचं कारण दिसतं. तासाला दोन हजार फूट म्हणजे मिनिटाला चारशे इंच. १६ नंबरच्या सुताला दर इंचाला साधारण सोळा ते अठरा पीळ लागतात. म्हणजे एकाच चातीने हे साधायचं तर तिने मिनिटाला साडेसहा-सात हजार फेरे घ्यायला हवेत, तेही न थांबता. कापसाच्या बारीक सुतात खरा अडसर वेगाचा होता. म्हणून चात्या वाढवणं आणि त्या वेगाने फिरवणं याच दिशेने सगळी बुद्धी खर्च झाली, आणि पुढे तमिळनाडूतल्या एकांबरनाथांच्या अंबर चरख्याने तोच मार्ग धरला.

घोंगडीच्या सुताचा हिशेब याच्या उलट आहे. सूत जितकं जाड, तितका दर इंचाचा पीळ कमी. इंचाला चार पीळ धरले तर तेवढ्याच लांबीच्या सुताला मिनिटाला सोळाशे फेरे पुरतात. समजा चाक साठ सेंटिमीटर व्यासाचं आहे आणि चातीवरची माळेची खाच एक सेंटिमीटरची, तर सेकंदाला चाकाचा एक फेरा दिला की माळेचं घसरणं वजा जाऊनसुद्धा चाती मिनिटाला तीन हजारांच्या वर फिरेल. म्हणजे आजच्या चरख्यात वेग हवा त्याहून जास्तच पडून आहे. त्याच चातीला बॉल बेअरिंग बसवून ती आणखी हलकी केली तर हाताचे श्रम थोडे वाचतील, सूत मात्र वाढणार नाही. लोकरीचा चरखा सुधारू पाहणारे बहुतेक प्रयत्न कापसाच्या चरख्याकडे बघून होतात, आणि ते नेमके या ठिकाणी चुकतात.

यंत्राचा एकच भाग बदलल्याने काय घडू शकतं, याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या शेतकरी घरांत लोकर कातायचे मोठे चरखे होते, उभं राहून चालवायचे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला एमस मायनर नावाच्या कारागिराने त्यांच्यासाठी नवं डोकं काढलं. मोठं चाक आणि चाती यांच्यामध्ये त्याने एक लहान चाक घातलं, त्यामुळे चातीचा वेग कितीतरी वाढला. त्याने नवा चरखा विकला नाही, सुटं डोकं विकलं. घरात असलेल्या चरख्याचं जुनं डोकं काढायचं आणि त्याच भोकात हे बसवायचं. ही डोकी कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाली आणि आजीच्या चरख्यावर नातीच्या काळातलं यंत्र चढलं. मधलं चाक घालून वेग वाढवण्याची हीच युक्ती आपल्याला येरवडा चक्रात भेटते. १९३० मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी ज्या पेटी चरख्यावर काम केलं, त्यात एक मोठं आणि एक लहान अशी दोन चाकं असतात ती याचसाठी. मायनरची युक्ती आपल्या जाड सुताला नको आहे, पण त्याची रीत हवी आहे: जुना चरखा तसाच ठेवा, अडलेला भाग बदला.

आपला अडलेला भाग गुंडाळण्याचा आहे, आणि त्यावरचा उपाय काही शतकं जुना आहे. त्याला फ्लायर म्हणतात. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतही त्याचं चित्र सापडतं. इंग्रजी यू आकाराचे दोन पंख, मधल्या दांड्यावर सुटी फिरणारी बॉबिन, आणि दांड्याच्या पुढच्या टोकाला एक भोक. सूत त्या भोकातून आत जातं, पंखावरच्या आकड्यातून वळतं आणि बॉबिनवर बसतं. बॉबिनला दोरीचा हलका ब्रेक असतो. पंख आणि बॉबिन यांच्या वेगात त्यामुळे जो फरक पडतो तेवढं सूत आत ओढलं जातं. पीळ आणि गुंडाळणं दोन्ही एकाच वेळी होतं, हात थांबत नाही. चाक पायाने चालवलं की दोन्ही हात लोकरीला मिळतात. पायाचा चरखा आपल्या देशातल्या लोकरीला नवा नाही, उत्तराखंडातला बागेश्वरी चरखा प्रसिद्धच आहे. पण बारीक सुताचं फ्लायर आणून दख्खनी लोकर त्यात घातली तर ती अडकते. भोक जेमतेम एक सेंटिमीटरचं, आकडे तारेचे आणि टोकदार, बॉबिन मुठीत मावेल एवढी. सुतातली गाठ भोकाशी थांबते, केस आकड्यात गुंततात, आणि कातणारी बाई पुन्हा आपल्या चातीकडे वळते. तिचं चुकत नाही.

ही अडचण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेलिश बायकांनी सोडवली होती. व्हँकुव्हर बेटावरच्या कौचन स्वेटरचं सूत खूप जाड असतं. पूर्वी त्या ते मोठ्या टकळीवर कातत. पुढे त्यांच्यात पायाच्या शिलाई मशीनचा सांगाडा घेऊन त्यावर मोठ्या भोकाचं, मोठ्या बॉबिनचं, दणकट फ्लायर बसवण्याची पद्धत आली. बारीक सुताचं यंत्र आपल्या लोकरीला चालत नाही हे पाहून त्यांनी लोकर बदलली नाही, यंत्राचं माप बदललं. पायाच्या शिलाई मशीनचे जुने सांगाडे आपल्या गावांतही कमी नाहीत.

मापं ठरवताना मात्र कौचनची नक्कल करून चालणार नाही. घोंगडीचं सूत तितकं जाड नसतं, त्यामुळे माझ्या अंदाजाने भोक दीड ते दोन सेंटिमीटरचं पुरावं. आकड्यांऐवजी गुळगुळीत गोल कड्या हव्यात, म्हणजे केस गुंतणार नाहीत. बॉबिन मोठी हवी, कारण बॉबिन जितकी मोठी तितकी ती कमी वेळा बदलावी लागते आणि तितक्या गाठी कमी पडतात. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो ब्रशने चोळतात, तेव्हा प्रत्येक गाठ विणकराला छळते. पायाच्या एका दाबाला फ्लायरचे फेरे माफकच हवेत, आठ-दहाच्या आसपास. यातून दहापट सूत निघेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. चातीवर एक तृतीयांश वेळ गुंडाळण्यात जातो असं धरलं, तर त्याच दिवसात फार तर दीडपट सूत निघेल. पण ते अधिक सारखं असेल, आणि खांद्याचं दुखणं कमी होईल. एका मागाला अनेक जणींचं सूत लागतं, म्हणून घोंगडीच्या किमतीत कातणीचा वाटा मोठा आहे. तिथली दीडपटही किमतीत उतरते.

विजेवरची रिंग फ्रेम हा यापेक्षा सरळ मार्ग आहे, असं कोणी म्हणेल. १८२८ मध्ये अमेरिकेत जॉन थॉर्पने काढलेल्या रिंगने कापसाची कातणी बदलून टाकली हे खरंच आहे. पण रिंग फ्रेममध्ये सूत एका लोखंडी रिंगवरून ट्रॅव्हलर नावाची छोटीशी कडी ओढत नेतं. ट्रॅव्हलरचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या आसपास गेला की घर्षणाने तो तापून झिजतो, आणि त्याला ओढण्याचा सगळा ताण सुतावर येतो. आखूड, कमी पिळाची लोकर त्या ताणाखाली तुटते, आणि गळणारे केस ट्रॅव्हलरला चिकटून बसतात. म्हणूनच बंगालच्या तागाच्या गिरण्यांनी जाड सुतासाठी फ्लायरचेच साचे चालवले. जाड, खरबरीत धाग्याला फ्लायर मानवतो, हा अनुभव आपल्या देशातच जमा आहे. उद्या कोणाला विजेची मोटर लावायची असेल तर ती याच डोक्याला लावता येते.

विणकरांचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. चातीवरचं सूत हलकं, पोकळ असतं. त्याची घोंगडी पाण्यात तुडवली की केस एकमेकांत गुंततात आणि मग तिच्यातून पाऊस झटकन आत येत नाही. फ्लायरचं सूत घट्ट झालं तर हा गुण जाईल. हा धोका खरा आहे. ब्रेक सैल असला तर सूत भोकाशी रेंगाळतं आणि त्यात पीळ साचतो. म्हणून ब्रेकची दोरी खुंटीने सहज कमी-जास्त करता आली पाहिजे, आणि ताण्यासाठी घट्ट व बाण्यासाठी पोकळ अशी दोन सुतं एकाच डोक्यावर निघाली पाहिजेत. हे जमलं नाही तर ते डोकं घोंगडीच्या उपयोगाचं नाही, हे मी आधीच मान्य करतो. पिंजणीही सुधारायला हवी, हेही कबूल. कुसळं भरलेल्या लोकरीचं चांगलं सूत कोणतंच यंत्र काढणार नाही, आणि हाताने फिरवायचं पिंजणीचं पिंप गावात असणं गरजेचंच आहे. पण पिंप गावात एक पुरतं आणि चरखा घरोघरी लागतो. बाजार मात्र कोणताच सुटा भाग तयार करू शकत नाही. बसकर, गालिचा, पिशव्या, घरांना ऊन-थंडी अडवणारे थर यांत जाड लोकरीला जागा आहे, पण ती जागा मिळवायची तर पुरेसं आणि सारखं सूत आधी हाती असावं लागतं.

हे काम करू शकतील अशा संस्था आपल्याकडे आहेत. ठाण्यात लोकर संशोधन संस्था आहे, राजस्थानात अविकानगरला मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यात आहे. पण यंत्रवाटपाच्या योजनांचा कल पूर्ण यंत्र देण्याकडे असतो. ते बिघडलं, भाग मिळाला नाही, की ते घराच्या कोपऱ्यात जातं. त्याऐवजी योजनेत फक्त डोकं असावं. त्याचं रेखाचित्र कोणालाही फुकट मिळावं, भाग आयटीआयच्या लेथवर आणि गावच्या सुताराकडे होतील असे असावेत, आणि बुश झिजला तर तो बाभळीच्या लाकडाचाही बसवता यावा. वाटपाआधी वीस-पंचवीस कातणाऱ्या बायकांनी एका पूर्ण वर्षाची कातरणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली दोन्ही लोकर, त्यावर कातून पाहावी. तासाला किती सूत, किती तुटी, किती गाठी, आणि संध्याकाळी खांदा किती दुखतो, हे त्यांच्याच चातीच्या कामाशी ताडून लिहावं. त्या सुताची घोंगडी सणगर विणकराने विणून, खळ लावून, तुडवून पाहावी, आणि डोकं स्वीकारायचं की परत धाडायचं हा निर्णय त्याच्यावर आणि कातणारीवर सोडावा.