घुंगरांसाठी मक्याचा भरडा



मागच्या महिन्यात एका वाचकाचे पत्र आले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत नोकरीला आहे. त्याच्या शेजारी एक नेमबाजीचा शौकीन राहतो. बंदुकीतून उडालेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी तो मक्याच्या भरड्यात घालून यंत्रात फिरवतो आणि ती नव्यासारखी उजळून निघतात, असे पुतण्याने फोनवर सांगितले. वाचकांनी पुढे विचारले आहे, "आमच्याकडे मक्याचे बुरकुंडे ढिगाने पडलेले असतात, आणि घुंगरमाळा दर पोळ्याला चिंच लावून घासताना घरातल्या बायकांचे हात सोलवटतात. हा उपाय आमच्या कामाचा आहे का?"

प्रश्न मला आवडला. उत्तर 'होय' असेच आहे, पण कोणती वस्तू कशात फिरवायची हे समजून घेतल्याशिवाय हात घालू नका. उजळायला गेलेली माळ बिघडून परत यायची.

आधी तिकडे काय करतात ते पाहू. तिथे परवानगी असल्यामुळे नेमबाज रिकामी नळकांडी पुन्हा भरून वापरतात. त्याआधी ती स्वच्छ करावी लागतात आणि ती असतात शेकड्यांनी. हाताने कोण घासणार? म्हणून दोन रीती रूढ झाल्या. पहिली कोरडी. थरथरणाऱ्या भांड्यात किंवा फिरत्या पिंपात मक्याच्या बुरकुंड्याचा नाहीतर अक्रोडाच्या कवचाचा भरडा घालतात, त्यात नळकांडी सोडतात आणि दोन-चार तास यंत्र चालू ठेवतात. अक्रोडाचे कवच टणक व धारदार, ते काळेपणा लवकर काढते. मक्याचा भरडा मऊ, तो तेलकटपणा शोषतो आणि झळाळी आणतो. दुसरी रीत ओली. पिंपात पाणी, थोडा साबण, चिमूटभर लिंबूसत्व आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या बारीक काड्या घालतात. या काड्या साधारण एक मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर लांब असतात. त्या नळकांड्याच्या आतपर्यंत शिरतात, म्हणून ओल्या रीतीने आतूनबाहेरून लख्ख होते. मात्र नंतर काड्या वेगळ्या काढणे आणि प्रत्येक नग पूर्ण वाळवणे ही कटकट मागे लागते.

सांगली, हिंगोलीकडच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. शिजवून वाळवलेली हळद पिंपात फिरवून पॉलिश करतात, तेच हे तत्त्व. फक्त हळदीचा पिंप या कामाला घेऊ नका. तो जाळीचा असतो, भरडा सगळा खाली सांडेल, आणि पितळेची धूळ खाण्याच्या वस्तूत जाईल ती वेगळीच.

आता आपल्या घुंगरांकडे येऊ. घुंगराला फट असते आणि आत लोखंडी गोळी असते. या दोन गोष्टींनीच निवड ठरते. पोलादी काड्या फटीतून आत जातील आणि अडकून बसतील, मग घुंगरू वाजण्याऐवजी खुळखुळेल. पाण्यात तासन् तास फिरवले तर आतली गोळी गंजेल. म्हणजे ओली रीत घुंगरांसाठी बाद. कोरडीच घ्यावी आणि भरडा फटीत अडकणार नाही असा घ्यावा. दाणा फटीच्या रुंदीएवढा असला की हमखास तिथे पाचर बसते. तो फटीच्या निम्म्याहून लहान असावा, म्हणजे आत गेला तरी झटकल्यावर बाहेर येतो.

भरडा घरीच होतो. बुरकुंडे कडक उन्हात वाळवा, पशुखाद्य भरडण्याच्या चक्कीतून काढा आणि दोन चाळण्यांनी चाळा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठे तुकडे काढून टाका, पिठासारखा भुसाही काढून टाका. मधला जाड रव्यासारखा भाग ठेवा. बुरकुंड्याच्या आतला भेंडासारखा गर आणि वरची साले हलकी असतात, ती वाऱ्यावर उपणून टाका. कामाचा असतो तो मधला लाकडी कडक भाग.

"भाताचे तूस चालेल का?" असे कोकणातले वाचक विचारतील. तुसात वाळूच्या जातीचा पदार्थ, म्हणजे सिलिका, पुष्कळ असतो. त्यामुळे तूस घासते चांगले, पण बारीक ओरखडे पाडते. फार काळवंडलेल्या जाड ओतीव घाटीसाठी ते आधी वापरावे आणि मग मक्याच्या भरड्यात फिरवावे. तांदूळ वापरल्याचेही ऐकिवात येते. खाण्याचा दाणा असा वाया घालवणे मला पटत नाही, शिवाय तो फुटून त्याच्या कण्या फटीत बसतात. लाकडाचा भुसा चालतो, पण तो कोरडा ठणठणीत हवा. भुईमुगाच्या टरफलांचा लवकर चोथा होतो, त्यांच्या नादी लागू नका.

पिंप म्हणजे घट्ट झाकणाचा वीस लिटरचा डबा आडवा बसवून त्याला हाताचा दांडा लावला तरी पुरे. दोन मापे भरड्याला एक माप घुंगरे घ्या आणि डबा दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. आत हलायला जागा नसेल तर घासणार काय? आणि जोरात फिरवले म्हणजे लवकर होते, हा गैरसमज आहे. तीस सेंटिमीटर व्यासाचा डबा मिनिटाला पाऊणशेच्या पुढे फिरू लागला की सगळा माल कडेला चिकटून डब्याबरोबरच फिरतो आणि घासणे थांबते. तीस ते चाळीस फेरे योग्य. आत माल घसरल्याचा सरसर आवाज यावा. धपधप आवाज आला तर तो वरून आपटतो आहे असे समजा आणि वेग कमी करा. मोटर लावणार असाल तर पट्ट्यावर आच्छादन घाला. पोरे जवळ येणारच.

हिरवा कळंक मात्र नुसत्या भरड्याने निघत नाही. घुंगरे आधी चामड्याच्या पट्ट्यावरून सोडवा आणि साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. मग पाच लिटर पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व घालून त्यात पाच-दहा मिनिटे बुडवा, लगेच स्वच्छ पाण्याने खळबळून उन्हात वाळवा आणि त्यानंतरच डब्यात घाला. आंबट पाण्यात रात्रभर ठेवू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्ल जास्त वेळ लागले की वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि वस्तू गुलाबी दिसू लागते. ती झळाळी नव्हे, तो पितळेचा ऱ्हास आहे.

शिंगांच्या शेंब्यांची गोष्ट वेगळी. त्या पातळ पत्र्याच्या, एकमेकींत अडकतात आणि चेपतात. त्या हातानेच पुसाव्यात. कल्हई केलेली भांडी तर कधीच फिरवू नयेत, कल्हई घासून जाईल. आणि फवारणी पंपाची पितळी नोझल कुणीही डब्यात टाकू नये, ही माझ्या खात्याची कळकळीची सूचना समजा. नोझलचे भोक घासून थोडे मोठे झाले की औषध जास्त पडते. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी पडू लागले की ते बदलावे, असा नियम आहे. आपण हौसेने घासून ते बिघडवायचे कशाला? हातमोजे घाला, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि मऊ ब्रशने साफ करा. तार घालू नका.

आता मी स्वतः काय गमावले ते सांगतो. आमच्या वडिलांच्या बैलजोडीच्या माळा माझ्याकडे आल्या. त्यांतली काही घुंगरे ओतीव होती, काही पत्रा दाबून केलेली. मी त्या मोठ्या उत्साहाने उजळल्या आणि पावसाळ्यात युरियाच्या पोत्यांशेजारी गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवल्या. पोळ्याला काढल्या, तर पत्र्याच्या सात घुंगरांना केसासारखे तडे गेलेले. दोन तर हातातच उकलली. मी विज्ञानाचा पदवीधर, आणि कॉलेजात शिकलेले घरी विसरलो.

या तड्यांची कहाणी काडतुसांशीच जोडलेली आहे. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडच्या लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात, आणि पुढे त्यांच्या पितळेला आपोआप तडे गेलेले आढळत. त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो. पत्रा दाबून वस्तू घडवताना पितळेत ताण राहून जातो. ताण, ओलावा आणि अमोनिया एकत्र आले की पितळ फाटते. नळकांडी बेताने तापवून हा ताण काढला आणि ती अमोनियापासून दूर ठेवली की तडे जात नाहीत. ओतीव घुंगरात ताण कमी असतो, म्हणून माझी ओतीव घुंगरे टिकली आणि पत्र्याची गेली.

गोठा आणि पाग यांत या बाबतीत काही फरक नाही. युरियाला ओल लागली की त्यातूनही अमोनिया सुटतो. तेव्हा माळा गोठ्यात ठेवू नका, खताच्या खोलीतही ठेवू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून घरातल्या पेटीत ठेवा. बाजारातले पॉलिश घेताना त्यात अमोनिया नाही ना, ते डब्यावर वाचा. तिखट, नाकात झोंबणारा वास आला तर ते दुकानातच ठेवा.

वापरलेल्या भरड्याबद्दलही सांगायला हवे. पाच-सहा वेळा वापरला की तो काळा पडतो. त्यात तांब्याची धूळ असते, जुन्या ओतीव पितळेत शिसेही असू शकते. बुरकुंडा म्हटला की आपला हात चुलीकडे नाहीतर गव्हाणीकडे जातो. हा भरडा दोन्हीकडे जाऊ देऊ नका, शेणखतातही टाकू नका. मेंढ्यांना तर तांबे फारच बाधते. खड्डा करून विहिरीपासून लांब पुरा. भरडा चाळताना नाकाला फडके बांधा आणि हे काम अंगणात वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून करा.

पत्रातल्या मूळ वस्तूविषयी दोन शब्द. पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना आपल्यापैकी काहींकडे आहे. काडतुसे आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येतात. ती घरी भरण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. न उडालेले काडतूस पिंपात, उन्हात किंवा चुलीजवळ कधीही नेऊ नये. लष्कराच्या सराव-मैदानाजवळच्या गावांत मोडीच्या भावासाठी पितळ वेचणारी मुले असतात. सापडलेली वस्तू रिकामी आहे की जिवंत, हे बाहेरून ओळखता येत नाही. हात न लावता पोलीस पाटलांना कळवावे.

घरच्या एका जोडीच्या माळेसाठी हा सारा खटाटोप करावा का? माझ्या मते नाही. पंचवीस-तीस घुंगरांना चिंच आणि राख अजूनही पुरते. पण एका वाडीने मिळून डबा केला, किंवा बचत गटाने पोळ्याआधी गावच्या माळा आणि देवळातल्या घंटा उजळून देण्याचे काम घेतले, तर मात्र तो परवडतो. सुरुवात पोळ्याच्या पंधरा दिवस आधी करा. पहिल्या दिवशी जुनी, तडा गेलेली दोन-तीन घुंगरेच घालून पाहा आणि दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघा. माझ्या डब्यात दीड तास लागला.