पहिली साक्ष मरीयेची

येशू ख्रिस्ताला कबरीतून उठताना कोणीही पाहिले नाही. शुक्रवारी सायंकाळी अरिमथाईकर योसेफाने त्याचा देह खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला आणि तोंडाशी धोंड लोटली. मधला शब्बाथ सरला. रविवारी पहाटे धोंड बाजूला झालेली होती आणि कबर रिकामी होती. प्रत्यक्ष उठण्याचा क्षण कसा होता, याचे वर्णन चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. दुसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेत्राचे शुभवर्तमान’ या ग्रंथाने ती उणीव भरून काढली. त्याचा एक तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अख्मीम येथे सापडला. त्यात आभाळाला डोके टेकलेले दोन पुरुष कबरीतून बाहेर येतात, त्यांनी आधार दिलेल्या तिसऱ्याचे डोके आभाळाच्याही वर जाते आणि त्यांच्यामागून चालत येणारा क्रूस बोलतो. हा ग्रंथ नव्या करारात आला नाही, हे फार चांगले झाले. डोळे दिपवणाऱ्या देखाव्यावर ख्रिस्ती श्रद्धेचा भार नाही. तो भार माणसांच्या साक्षीवर आहे, आणि पहिली साक्ष एका स्त्रीची आहे.

कबरीकडे नेमक्या किती स्त्रिया गेल्या, याबाबत शुभवर्तमाने एकमेकांशी जुळत नाहीत. मत्तय दोघींची नावे देतो, मार्क तिघींची. लूक तीन नावे देऊन ‘आणि इतर’ असे म्हणतो. योहान एकटीचेच नाव घेतो, पण तिच्या तोंडी ‘आम्हांला’ हे अनेकवचन येते, म्हणजे तिथेही ती एकटी नसावी. मग्दालीया मरीयेचे नाव मात्र चारही ठिकाणी आहे.

गालील समुद्राच्या पश्चिम काठावरचे मग्दाला हे तिचे गाव, मासेमारी आणि मासे खारवण्याच्या धंद्याचे. २००९ मध्ये तिथल्या उत्खननात पहिल्या शतकातले सभास्थान सापडले. येशूने तिच्यातून सात भुते काढली, असे लूक सांगतो. तिच्याबरोबर हेरोदाच्या कारभाऱ्याची, खुजाची, बायको योहान्ना, सुसान्ना आणि आणखी कितीतरी जणी होत्या. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत असताना त्यांचा खर्च याच स्त्रिया आपल्या पैशातून चालवीत. मागे मागे येणाऱ्या भाविक बायांचा हा घोळका नव्हता. येशूचे कार्य त्यांच्या आधारावर चालले होते.

येशूला अटक झाली तेव्हा शिष्य पळून गेले. स्त्रिया यरुशलेमेत थांबल्या. मार्काचा मजकूर इथे लक्ष देऊन वाचायला हवा. क्रुसावरचा मृत्यू दुरून पाहणाऱ्यांत तो मग्दालीया मरीयेचे नाव घेतो. देह कुठे ठेवला ते पाहणाऱ्यांत पुन्हा तिचेच नाव आहे. रविवारी सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्यांतही तीच. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, उठला ही ख्रिस्ती मतांगीकारातली तीन विधाने आहेत, आणि या तिन्ही ठिकाणी हजर असलेली साक्षीदार म्हणून तिचे नाव शुभवर्तमानात टिकून आहे. पेत्राबद्दल असे म्हणता येत नाही.

त्या काळी या साक्षीला फारशी किंमत नव्हती. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असा नियम यहुदी इतिहासकार जोसेफसने पहिल्या शतकाच्या अखेरीस नोंदवला आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रेषितांनाही त्या स्त्रियांचे बोलणे निरर्थक वाटते. दुसऱ्या शतकातला ग्रीक टीकाकार सेल्सस याने तर एका भ्रमिष्ट बाईने पाहिल्याचे सांगितले म्हणून काय झाले, असा हल्ला चढवला. ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेनने त्याला उत्तर देणारा ग्रंथ लिहिला म्हणून तो आक्षेप आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ मधले, म्हणजे शुभवर्तमानांच्याही आधीचे. उठलेल्या ख्रिस्ताने कोणाकोणाला दर्शन दिले याची यादी त्यात आहे: पेत्र, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी पौल स्वतः. एकाही स्त्रीचे नाव त्यात नाही. तरीही पुढे शुभवर्तमाने लिहिली गेली तेव्हा चारही लेखकांनी ही अडचणीची साक्ष वगळली नाही. याने पुनरुत्थान सिद्ध होते असे नाही. पण कथा रचायची असती तर तिच्या दाराशी असा साक्षीदार कोणी उभा केला नसता, हे अभ्यासकांचे म्हणणे वजनदार आहे.

पुनरुत्थानाचा अर्थ योहानाच्या विसाव्या अध्यायात सर्वांत खोलवर उतरतो. पेत्र आणि दुसरा शिष्य धावत येतात, तागाची वस्त्रे पाहतात आणि घरी परततात. मरीया रडत तिथेच थांबते. समोर उभ्या असलेल्या येशूला ती माळी समजते आणि देह कुठे नेऊन ठेवला, मी तो घेऊन जाईन, असे विनवते. तिला जिवंत ख्रिस्ताची अपेक्षाच नाही. तिला फक्त प्रेत हवे आहे. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ती त्याला ओळखते. आणि लगेच तो तिला अडवतो: मला धरून ठेवू नकोस, जाऊन माझ्या भावांना सांग. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर कबरीतून परत आला तो आपल्या जुन्या आयुष्यात, पुन्हा कधीतरी मरण्यासाठी. येशूचे उठणे तसे नाही. गालीलातले दिवस परत येणार नाहीत; तिचा गुरू तिला मिळाला आहे, पण पूर्वीसारखा नाही. सांत्वनाचा पहिला श्वास घेते न घेते तोच तिच्यावर काम सोपवले जाते. पळून गेलेल्यांना त्या निरोपात ‘भाऊ’ म्हटले आहे. दोषारोपाचा शब्दही नाही. ख्रिस्ती क्षमेचा उगम इथे आहे, आणि ती क्षमा पोहोचवण्याचे काम मरीयेकडे आले.

पाश्चात्त्य चर्चने तिच्यावर पुढे मोठा अन्याय केला. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात मग्दालीया मरीया, लूकच्या सातव्या अध्यायातली नाव नसलेली पापी स्त्री आणि बेथानीची मरीया या तिघींना एकच ठरवले. शुभवर्तमानात याला आधार नाही आणि पूर्वेकडील चर्चने ते कधी मानले नाही. पश्चिमेत मात्र चौदाशे वर्षे साक्षीदार मागे पडली आणि केस मोकळे सोडून रडणारी पतिता चित्रांत, शिल्पांत, प्रवचनांत उरली. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना कोंडणाऱ्या आयर्लंडमधल्या आश्रमांनाही तिचेच नाव मिळाले. त्यांतला शेवटचा १९९६ मध्ये बंद झाला. १९६९ च्या दिनदर्शिकेने कॅथलिक उपासनेतली ही गल्लत दुरुस्त केली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात २२ जुलैच्या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.

मराठीत ही कथा स्त्रियांच्या हातूनही आली आहे, याची आठवण इथे ठेवावीच लागते. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि ते काम संपवूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये देह ठेवला. शिक्षण न मिळालेल्या बायकांना वाचता यावे, हा त्यामागचा ध्यास होता.

एक उणीव अजून राहिली आहे. कॅथलिक वाचनक्रमात ईस्टरच्या रविवारी दिवसाच्या मिस्सेला योहानाच्या विसाव्या अध्यायातली पहिली नऊ वचनेच नेमलेली आहेत. कबर रिकामी दिसते, दोघे पुरुष येऊन पाहतात आणि वाचन थांबते. मरीयेची भेट अकरा ते अठरा या वचनांत आहे. ती पुढच्या मंगळवारी वाचली जाते, आणि कामाच्या दिवशी चर्चमध्ये माणसे थोडीच असतात. मोठा जनसमुदाय ती ऐकतच नाही. ज्या कुटुंबांत ईस्टर साजरा होतो त्यांनी त्या रविवारी जेवणाआधी घरीच हा अध्याय अठराव्या वचनापर्यंत मोठ्याने वाचावा, आणि जमल्यास तो घरातल्या मुलीला वाचायला द्यावा.