आठवड्याचे दोन सेंट

लखनौच्या अमीनाबाद बाजारात १८ एप्रिल १८७० रोजी अमेरिकन मिशनरी इझाबेला थोबर्न यांनी एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू केली. कुणी त्रास देऊ नये म्हणून दाराशी एक मुलगा बांबू घेऊन पहाऱ्याला उभा होता. त्याच शाळेतून पुढे इझाबेला थोबर्न कॉलेज उभे राहिले.

त्यांना पाठवणारी संस्था मेथडिस्ट स्त्रियांनी १८६९ मध्ये बोस्टनमध्ये काढली होती. वर्गणी आठवड्याला दोन सेंट, सोबत एक प्रार्थना. चिल्लरच ती, पण नेमाने दिलेली.

असे देणे श्रद्धेतून येते. आपल्याला मिळाले ते लायकीने नव्हे, देवाच्या कृपेने, असे मानणारा माणूस देताना पुण्याचा हिशेब मांडत नाही. थोबर्नबाईंनी तर आयुष्यच दिले. १ सप्टेंबर १९०१ रोजी लखनौतच पटकीने त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे मात्र देणगीपेक्षा संगमरवरी पाटीवरच्या नावाचीच चर्चा अधिक होते. वाचकहो, या वर्षी उपकारस्तुतीच्या दानार्पणाबरोबर आणखी एक करा: ओळखीतल्या एखाद्या मुलीची फी भरा, आणि पावतीवर स्वतःचे नाव घालू नका.