रात्र कोणाच्या स्वाधीन करायची?

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत अलीकडे एक तक्रार वरचेवर कानी पडते. बाहेरगावचा पाहुणा दिवसभर हिंडतो-फिरतो. पण रात्री आठनंतर त्याला ‘करण्यासारखे काही नसते’. हॉटेलवाले हे बोलून दाखवतात, जमिनीचे व्यवहार करणारे बोलून दाखवतात आणि पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी, सुटीपुरती घरी आलेली मुलेही तेच म्हणतात. उपायही ठरलेला : मोठे बार, पहाटेपर्यंत चालणारे क्लब, महामार्गालगतची ‘लाउंज’. ऐतिहासिक शहर पाहायला आलेल्या पर्यटकाला दिवसा किल्ला दाखवावा आणि रात्री मद्यालय, असा हा हिशेब आहे.

हिशेब म्हणून तो तपासून पाहायला हरकत नाही. ज्यांनी तो आपल्याआधी मांडला, त्यांच्याकडे मात्र आधी पाहिले पाहिजे. अ‍ॅमस्टरडॅम हे सतराव्या शतकातील कालव्यांचे देखणे शहर, जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेले. रात्रीच्या मौजमजेवर त्याने आपली कीर्ती उभी राहू दिली. त्याच शहराच्या महापालिकेने मार्च २०२३ मध्ये १८ ते ३५ वयोगटातील ब्रिटिश तरुणांना उद्देशून मोहीम काढली, आणि तिचा संदेश होता : दारू-अमली पदार्थांच्या धुंदीसाठी येणार असाल तर येऊच नका. पर्यटकाला येऊ नका म्हणून सांगण्यासाठी सरकारी पैसा खर्च करावा लागणे, ही त्या धंद्याची अखेरची पावती म्हणावी लागेल. प्रागची कथा वेगळी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या महापालिकेने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत घोळक्याने एका मद्यगृहातून दुसऱ्यात नेणाऱ्या सहलींवर बंदी घातली. हे निर्णय कोणा सनातनी मंडळींनी घेतलेले नाहीत. बिअर ज्यांच्या जेवणाचा भाग आहे, त्या समाजांनी ते घेतले आहेत. पाश्चात्त्यांचे अनुकरण करायचेच असेल तर त्यांनी टाकून दिलेल्या गोष्टीचे कशाला करायचे?

घराजवळचे उदाहरण गोव्याचे. लातूर-नांदेडहून ‘थर्टी फर्स्ट’ला गोव्याला जाणाऱ्या मोटारी आता कोणाला नवलाच्या वाटत नाहीत. त्यातील किती जण मंगेशीला वा शांतादुर्गेला जातात, किती जण जुने गोवे पाहतात, हे ज्याचे त्याने घरात विचारून घ्यावे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे मेली. त्यांत पर्यटक थोडे होते. बहुतेक जण तेथे राबणारे कामगार होते, दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. रात्रीच्या या उद्योगातून रोजगार मिळतो असे सांगितले जाते, तेव्हा तो कोणाला आणि कोणत्या स्थितीत मिळतो, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

आता नांदेडकडे येऊ. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये याच गोदातीरी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि येथेच देह ठेवला. शीख पंथाची पाच तख्ते आहेत. अमृतसर, आनंदपूर साहिब आणि तलवंडी साबो ही तीन पंजाबात, चौथे पाटण्याला आणि पाचवे आपल्या नांदेडला. बिहारात एप्रिल २०१६ मध्ये दारूबंदी झाली. पंजाब विधानसभेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आनंदपूर साहिब येथे विशेष अधिवेशन भरवून अमृतसरचे तटबंदीतील शहर, आनंदपूर साहिब आणि तलवंडी साबो यांना पवित्र नगरीचा दर्जा देण्याचा ठराव केला; तेथे मद्य, मांस आणि तंबाखू यांची विक्री नको, असा त्याचा आशय. मध्य प्रदेशानेही १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर यांच्यासह १७ धार्मिक नगरांतील दारूची दुकाने बंद केली. उरले पाचवे तख्त. महाराष्ट्राच्या नियमांत धार्मिक स्थळापासून ७५ मीटर हे अंतर सांगितले आहे. पंच्याहत्तर मीटर म्हणजे चपला काढून रांगेत उभ्या राहिलेल्या यात्रेकरूंची एक ओळ! सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून थेट येथवर आलेल्या कुटुंबाला या अंतरापलीकडे काय दिसावे, हा प्रश्न २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या वेळीच सुटायला हवा होता. त्या वेळी रस्ते झाले, विमानतळ सुधारला, घाट बांधले गेले. या प्रश्नाला मात्र कोणी हात घातला नाही.

आणि नांदेडला रात्र नाही, असे म्हणणाऱ्याने ते शहर पाहिलेलेच नाही. अवघे गाव झोपलेले असताना, पहाट होण्याच्या कितीतरी आधी, गोदावरीवरून पाण्याची घागर भरून तख्तसाहिबाकडे नेली जाते आणि त्या पाण्याने स्नानविधी होतो. ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जगातील कोणत्या ऐतिहासिक शहराजवळ अशी रात्र आहे? ज्याला पाहायची आहे त्याला तिकीट लागत नाही. लंगरात जेवायलाही लागत नाही.

मद्याच्या प्रश्नावर बोलताना दांभिकता टाळली पाहिजे. परदेशी पाहुणा जेवणाबरोबर पेला घेतो म्हणून तो वाईट ठरत नाही, आणि आपला माणूस तो चोरून घेतो म्हणून सज्जन ठरत नाही. आपला कायदाच मुळी चमत्कारिक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे राज्य आजही महाराष्ट्रावर आहे आणि त्याच कायद्याखाली गल्लोगल्ली ‘परमिट रूम’ उघडलेल्या आहेत. (परमिट म्हणजे पिणाऱ्याचा परवाना, हे त्या पाटीखालून आत जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?) बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. ३१ डिसेंबरला तर सरकार स्वतःच पहाटे ५ वाजेपर्यंत मुभा देते.

येथे लातूरचा प्रश्न उभा राहतो, आणि तो पर्यटकाचा नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने सोळा ते एकोणीस वर्षांची हजारो मुले या शहरात खोल्या घेऊन राहतात. कोणाच्या बापाने त्यासाठी सोयाबीनचे पैसे मोडलेले असतात, कोणाच्या आईने गळ्यातले. कायद्याने यांच्यातील एकालाही बिअरची बाटली विकता येत नाही. पर्यटकांच्या नावाने निघालेल्या मद्यालयांचे गिऱ्हाईक प्रत्यक्षात कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. खरोसा लेण्यांचा अभ्यासक काही दर शनिवारी येणार नाही. मेसचा डबा खाऊन कंटाळलेला मुलगा मात्र येईल.

लातूरकरांना पाण्याचाही विसर पडू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. घागरीसाठी रांगा आणि बिअरसाठी नळ, हे चित्र मराठवाड्याने पाहिलेले आहे.

या भूमीला दारूच्या महसुलाचे राजकारणही नवे नाही. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांनी गावोगाव शिंदीची झाडे तोडली, कारण निजामाच्या तिजोरीचा एक मोठा झरा आबकारीतून वाहत होता. जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीवर कुऱ्हाड चालली ती अशी. आज स्वराज्यातील सरकारे त्याच झऱ्यावर अंदाजपत्रके बेततात. आपल्या आजोबांनी ज्या कारणासाठी कुऱ्हाड उचलली, ते नातवांना ठाऊक नसावे, हे दुर्दैव आहे.

म्हणून सरसकट बंदीची मागणी करावी काय? मला तसे वाटत नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात चोरटी दारू काही थांबली नाही. डान्सबारचा २००५ चा कायदा न्यायालयांच्या फेऱ्यांत कसा अडकत गेला, तेही आपण पाहिले. महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याची तरतूद अधिक खरी आहे. पण तीत झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. आमदाराला असे गणित लावले तर विधानसभा ओस पडेल.

रिकामी संध्याकाळ कोणीतरी भरतेच. ती आपण भरली नाही तर बारवाला भरील, एवढा साधा हा व्यवहार आहे. आणि भरायला आपल्याकडे काय नाही? माळेगावच्या खंडोबाची यात्रा घ्या. घोड्यांचा बाजार, फड, लावणी, रात्र रात्र जागणारा माळ. (तेथेही पिणारे असतात, पण यात्रा त्यांच्यासाठी भरत नाही.) माहूरला रेणुकेचा गोंधळ आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांच्या प्रांगणात अलीकडे महोत्सव होऊ लागला, हे फार चांगले झाले. उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. त्याच उदगीरने २०२२ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवून दाखवले. औसा, उदगीर, कंधार हे तीन किल्ले तीन संध्याकाळी रंगवता येतील एवढा इतिहास बाळगून आहेत. प्रत्यक्षात कंधारचा किल्ला पाहून निघालेल्या कुटुंबाला दिवेलागणीनंतर बसायला जागा, मुलांना स्वच्छतागृह आणि बायकांना निर्धास्त पोहोचता येईल असे उपाहारगृह शोधावे लागते. ढाब्याची पाटी तेवढी आधी दिसते.

नांदेड महापालिका आणि जिल्हा प्रशासन यांच्या हाती दोन गोष्टी आजही आहेत. तख्तसाहिबाच्या परिसरात नव्या परवान्यांची शिफारस करायची नाही असे ठरवावे आणि ७५ मीटरची मर्यादा वाढवून मिळावी असा प्रस्ताव राज्याकडे पाठवावा. लातूरच्या उत्पादन शुल्क कार्यालयाचे काम त्याहून सोपे आहे. येत्या ३१ डिसेंबरला शिकवणी वर्गांच्या भागातील परमिट रूमच्या दारांत उभे राहून, आत जाणाऱ्यांच्या जन्मतारखा पाहायच्या.